नाल्यातलं हाड

"...आणि या तिन्हींतला कोणता हातोडा घेऊ, गुरुजी?"

गेडाम गुरुजी ओसरीवर रद्दी पेपरांच्या घड्या घालत बसले होते. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण नदीकाठी दगड झालेली जुनी हाडं हुडकायचा नाद काही सुटला नव्हता. उद्या पहाटे ते पुन्हा निघणार होते. जीपमध्ये एकच जागा उरली होती. ती मिळावी म्हणून निनाद वझलवार नागपूरहून आला होता.

आला तो वरात घेऊनच. तीन हातोडे, सात छिन्न्या, भिंग, हेल्मेट, जागेचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र, चामडी बांधणीची वही. जागा अजून मिळायची होती, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! सगळं चटईवर मांडून तो एकेकाचे गुण सांगत सुटला.

गुरुजींच्या पिशवीत हाडं गुंडाळायला रद्दी, सुतळी आणि माती झाडायला दाढीचा जुना ब्रश. गळ्यात दोऱ्याला बांधलेली बोटभर पेन्सिल. निनादला मनातून हसूच आलं.

शेवटी त्यानं हुकमाचा एक्का काढला. रुमालात गुंडाळलेलं वीतभर हाड. गेल्या महिन्यात त्यानं ते एकट्यानं खणून काढलं होतं.

गुरुजींनी ते जिभेला लावून पाहिलं. असलं हाड जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. त्यांचे डोळे चमकले.

"खरं आहे, बाबू. कुठं होतं?"

"इकडच्याच एका नाल्यात."

"कोणत्या काठाला?"

"डाव्या... म्हणजे, मी जात होतो तेव्हा डाव्या."

"वर कोणती माती होती? खाली कोणती? त्यावरूनच तर हाडाचं वय कळतं."

निनादनं वहीकडं पाहिलं. वर सोनेरी अक्षरात त्याचं नाव, आत पानं कोरी. यंत्राच्या खोक्याची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नव्हती. सगळं मुसळ केरात.

गुरुजी रागावले असते तरी बरं झालं असतं. ते नुसते हाडाच्या ताज्या तुटक्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. जत्रेत हरवलेल्या, गावाचं नाव न सांगता येणाऱ्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा, तसा.

निनादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते हाड कोट्यवधी वर्षं तिथं पडून होतं. त्याला मात्र दोन ओळी लिहिण्यापुरता धीर धरवला नव्हता.

त्यानं आवाज न करता एकेक हत्यार पिशवीत भरलं. खाली मान घालूनच विचारलं,

"मी उद्या नको येऊ ना, गुरुजी?"

गुरुजींनी गळ्यातली पेन्सिल काढून त्याच्या गळ्यात घातली. मग हाड पुन्हा रुमालात बांधलं आणि त्याच्या हातात दिलं.

"ये ना, बाबू. आधी फक्त हे जिथलं तिथं ठेवून ये."