पिवळी पडणारी अक्षरे

एका तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ राहत. सारे त्यांना नाना म्हणत. कौस्तुभ नावाचा एक तरुण त्यांच्या हाताखाली शिकत होता. त्याची बुद्धी तीक्ष्ण, पण हात बुद्धीच्याही पुढे धावे.

एकदा खानविलकर नावाच्या निवृत्त मुद्रितशोधकांचा निरोप आला. पत्नी निवर्तल्यापासून ते एकटेच राहत. संगणकावरचे वाचन एवढाच त्यांना विरंगुळा. तक्रार अशी, की दिवसा स्वच्छ दिसणारी पाने तिन्हीसांज झाली की पिवळट पडतात, अक्षरांवर गंज चढल्यासारखा दिसतो.

दोघे संध्याकाळी तिथे पोहोचले. कौस्तुभने तारा तपासल्या, मग सेटिंग उघडले आणि त्याला कारण सापडले. "नाना, सूर्यास्तानंतर पडदा आपोआप पिवळसर करण्याची सोय चालू आहे. बंद करतो."

नानांनी त्याचा हात धरला. "थांब जरा." मग त्यांनी खानविलकरांना विचारले, "या यंत्राला शेवटचा हात कोणी लावला होता?"

"हर्षदनं. माझा मुलगा. गणपतीत आला होता." खानविलकर म्हणाले. "आमच्यात फारसं बोलणं नाही. आईच्या आजारपणात तो वेळेवर पोहोचला नाही, तेव्हा मी त्याला नको ते बोललो. तेव्हापासून हे असंच."

"संध्याकाळी वाचताना डोळ्यांतून पाणी येतं?"

"यायचं. हल्ली कमी झालंय. तुम्हाला कसं कळलं?"

"प्रखर उजेड डोळ्यांना टोचू नये म्हणूनच ही सोय असते. तुमच्या यंत्रानं ती आपण होऊन चालू केलेली नाही. कोणीतरी केली आहे." नाना उठले. "बंद करायचं बटण हे इथं. तुम्हीच दाबा."

खानविलकरांनी माउसवर हात ठेवला. "त्यानं मला सांगितलंसुद्धा नाही," ते म्हणाले.

"तुम्ही ऐकलं असतं?"

खानविलकरांनी माउसवरचा हात काढून घेतला. बटण त्यांनी दाबले नाही.

वाटेत कौस्तुभने विचारले, "नाना, दोष सापडला होता. क्षणाचं काम. मग आपण ते न करताच का निघालो?"

नाना चालता चालता म्हणाले, "तो दोष नव्हता. कोणीतरी जाणून केलेली गोष्ट होती. काय बदललं हे शोधायला विद्या पुरते, पण ते कोणी केलं आणि कोणासाठी केलं, हे विचारल्यावाचून पुसून टाकू नये. ज्या घरात शब्द थांबतात तिथं माया आडवाटेनं येते. घरच्यांना ती ओळखू येत नाही, आणि ते तिचीच तक्रार करतात."

काही दिवसांनी कौस्तुभ त्या बाजूला गेला असता खानविलकर एकटेच वाचत बसलेले दिसले. पडदा पिवळसरच होता.

"मुलाशी बोललात?" त्याने भीत भीत विचारले.

"फोन केला होता. दोघांनाही काही सुचेना. मी म्हटलं, अक्षरं नीट दिसतात. तो म्हणाला, बरं झालं."

"मग?"

"मग काही नाही," खानविलकर म्हणाले. "पण फोन त्यानंही लगेच ठेवला नाही."