पाहुणीला आवडलेलं घरटं

कावळे काळे पडून फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. एका कावळिणीने अंडी घातली आणि घरटं सजवायला घेतलं. जुन्या छत्रीची तार, फुटक्या हिरव्या बांगड्या, कुणाच्या तरी लुगड्याचा शेंदरी काठ.

शेजारची साळुंकी म्हणाली, "हे घर आहे की भंगारचं दुकान?"

तेवढ्यात कोकिळा आली. "अगंबाई वहिनी, घर असावं तर असं! काय ते रंग, काय त्या जुन्या वस्तू! जरा निवांत बघू का?"

कावळीण फुलून गेली. "बघा की! तोवर मी एक मोरपीस घेऊन येते."

ती परतली तेव्हा कोकिळा निघून गेली होती आणि घरट्यात एक अंडं जास्त होतं.

त्यावर ऐटीत बसत कावळीण साळुंकीला म्हणाली, "बघितलंस? जाणकार पाहुणे कधी रिकाम्या हाताने येत नाहीत!"