पाव्हण्याची वाट

ही गोष्ट अगदी खरी आहे. गळ्याची आण घेऊन सांगतो, यात एका अक्षराचाही फेरफार नाही. ज्यानं ही मला सांगितली, त्यानं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे पाहिली नव्हती, कारण तो तेव्हा जन्मला नव्हता. त्याच्या पणजीनं पाहिली होती, आणि पणजीला शेवटी शेवटी कमी दिसायचं. पण ऐकू स्वच्छ यायचं, त्यामुळे ऐकलेला भाग तरी खरा धरायला हरकत नाही.

तर फार वर्षांपूर्वी, वारखिंडीला सडक व्हायच्याही आधी, त्या गावात थंडी पडायची. आता पडते ती नव्हे. खिंडीच्या तोंडाशी वसलेलं गाव, त्यामुळे पौषात वारा सुटला की घाटमाथ्यावरचा सगळा गारठा त्या एका चिंचोळ्या वाटेनं थेट गावात उतरायचा. दोरा ओवलेल्या सुईच्या नेढ्यातूनसुद्धा तो वारा दोऱ्याला बाजूला सारून पलीकडे जाई. गावच्या पाटलानं एका सकाळी मिशीला पीळ द्यायला हात लावला, तर पीळ कट्‌कन मोडून हातात आला, आणि होळीपर्यंत त्यानं तोंडावर उपरणं धरून गावचा कारभार केला, असं म्हणतात. कोंबडे चोच उघडायला तयार नसत. त्यामुळे सूर्यालाही कोणी उठवत नसे, आणि तोही तासभर उशिरा यायचा.

अशा गावात दिवाळी सरली की माणसं दुसरं काही करत नसत. बाया वाकळी उन्हात टाकत, गोवऱ्या रचत. पुरुष रानातून लाकूडफाटा आणून वळचणीला उभा करत, कोळसा पाडत. आणि ही सगळी तयारी झाली की प्रत्येक घरातून एकच विचारणा व्हायची, "ठकू कवा येतीया?"

कारण घरं होती कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, आडव्या विणायच्या आणि वरून शेणामातीचं लिंपण. पावसाळ्यात ती भिंत फुगते, मग ऊन लागलं की तडकते, आणि प्रत्येक तडा म्हणजे वाऱ्याला उघडं दार. ते तडे शोधावेत आणि बुजवावेत ते ठकूनंच.

ठकू ही हाडापेरानं मोठी, चाळिशीतली, एकटी राहणारी बाई. बऱ्याच वर्षांमागे ती खिंडीपलीकडून चालत आली होती. कुठली, कोणाची, हे कोणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणे, "चिखलातली हाय," आणि कामाला लागे. माती, शेण, भाताचं तूस आणि मूठभर राख एकत्र करून ती पायांनी असं तुडवी की चिखल लोण्यासारखा होई. मग डावा गाल पाण्यानं ओला करायची आणि डोळे मिटून भिंतीला गाल लावून घरभर फिरायची. जिथं वारा यायचा तिथं तिचा गाल सांगायचा. डोळ्यांना न दिसणारी, केसाएवढी फटही सुटत नसे. एकदा तिनं एका घरात भिंत सोडून माणसावरच लिंपण मारलं, कारण वारा त्याच्या दोन पडलेल्या दातांमधून येत होता, असं म्हणतात.

पण तिची एक रीत होती. सगळं घर बुजवून झालं की ती उंच पाट मागायची, त्यावर चढायची आणि माळ्याच्या खाली, भिंतीच्या वरच्या अंगाला मुठीनं एक भोक पाडायची. इतकी मेहनत करून शेवटी स्वतःच भोक पाडायचं म्हणजे काय, हे पहिल्या वर्षी लोकांना कळेना.

"ठके, ह्ये गं काय?" एकीनं विचारलं.

ठकूनं भोकाची कड बोटानं गुळगुळीत केली. मग म्हणाली, "ही पाव्हण्याची वाट."

"कोन पाव्हना?"

"वारा. त्यो पाव्हणाच हाय की. ईल, बसंल, जाईल. समदी दारं लावून घेतली तर रागावतो."

लोकांना हे पटलं. पाव्हण्याला मान द्यायचा हे वारखिंडीत तान्ह्या पोरालाही कळत होतं. उलट ठकू किती रीतीची बाई, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून घरोघर ते भोक राहिलं. कोणी त्याला कुंकवाचं बोट लावी, कोणी त्याच्या खाली सणाला पोळीचा तुकडा ठेवी. ठकू ते पाही आणि काही बोलत नसे. भोक राहिलं म्हणजे झालं, कशाच्या नावानं का राहीना, असं ती मनाशी म्हणे.

पुढं एका वर्षी थंडीनं कहर केला. रांजणातलं पाणी कोयत्यानं तोडून वाटायची पाळी आली. त्याच पौषात चांगुणाबाईच्या घरी तिची सून मैना बाळंत झाली. मुलगी झाली. चांगुणा म्हणजे गावातली शब्दाची पक्की, रीतीला एक तसूभर न हलणारी बाई. तिनं सुनेला आतल्या खोलीत बाजेवर निजवलं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, वर ओवा टाकला. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दाराखाली गोणपाट कोंबलं. आणि मग तिची नजर वर गेली.

पाचव्या दिवशी दुपारी ठकू चांगुणाच्या अंगणात आली. बाया उन्हाला बसल्या होत्या, पाचवीच्या पूजेची तयारी चालली होती.

"काय म्हंती लेक?" ठकूनं विचारलं.

"लई गुणाची," चांगुणा सुपातला ओवा निवडत म्हणाली. "दोन दिस रडून जीव खाल्ला. आज सकाळधरनं हूं का चूं न्हाई. मायलेकी निवांत निजल्यात बघ."

ठकूचा हसरा चेहरा होता तिथंच राहिला. "सकाळधरनं?"

"आता झोपली तरी तुला सोसंना व्हय?"

"चांगुणाबाय, पाव्हण्याची वाट उघडी हाय न्हवं?"

"बुजवली की, कालच."

"बुजवली?"

"मग? घर सुवेरात हाय. दहा दिस भायेरचं कुनी त्या खोलीत यायचं न्हाई. तुज्या पाव्हन्याला काय येगळी रीत हाय व्हय? म्या हात जोडून सांगितलं त्येला, बारशाला ये म्हनलं, आनि मग बुजवली." तिनं हे सांगताना मान जरा वर केली. ठकूसारखं साफ लिंपण आपल्यालाही जमतं, हेही त्यात होतं.

ठकू दारातून आत धावली. मागून चांगुणा ओरडली, "अगं, सुवेर हाय, शिवू नगंस." आतल्या खोलीचं दार लोटलं, ते हलेना. रात्री वाऱ्यानं खडखडत होतं म्हणून मैनानं आतून अडसर लावला होता. "निखाऱ्याचं इख कोंडलंय आत," म्हणत ठकूनं हाका मारल्या. आतून उत्तर नाही. मग चांगुणानंही हाक मारली, आधी रागानं, मग नुसती, आणि मग तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

पुरुष रानात होते. दार सागाचं, चांगलं जाड. ठकूनं एकदा दाराकडं पाहिलं आणि ती वळून घराच्या मागं गेली. ती भिंत तिची होती. बोटबोट तिला ठाऊक होती. कुठली काठी कुठल्या काठीवर बांधली आहे, कुठं लिंपण दोन थरांचं आहे आणि कुठं चार, हे तिच्या हातांना माहीत होतं. बाजेच्या उशाशी येईल ती जागा तिनं धरली आणि मुठीनं घाव घातला.

स्वतःचं लिंपण तिच्यानं फुटेना. ते तूस, ती राख, ते तुडवणं, सगळं तिच्याच विरुद्ध उभं राहिलं. तिची बोटं सोलली, नखं गेली. मनगटाएवढी कारवी तिनं दातांनी तोडली, असं म्हणतात. आणि भिंतीला भोक पडलं तेव्हा महिनाभर न थांबलेला खिंडीतला वारा एकदम पडला. झाडाचं पान हलेना. चुलीचा धूर सरळ काठीसारखा उभा राहिला. ठकूनं भोकाला तोंड लावून म्हटलं, "ये बाबा. आता तरी ये." मग पाठीमागून सगळ्या खिंडीचा, सगळ्या घाटमाथ्याचा वारा एकाच वेळी त्या मुठीएवढ्या भोकातून आत शिरला. भोकाचं खिंडार झालं, आतली शेगडी उलटली, दाराखालचं गोणपाट अंगणात येऊन पडलं.

आत काही हललं नाही. ठकू खिंडारातून आत शिरली. तिनं बाळ उचललं आणि बाहेर आणलं, उन्हात पालथं धरलं, पाठ चोळली. चांगुणानं सुनेला बगलेत धरून ओढत आणलं.

मग बाळ शिंकलं. शिंकून झाल्यावर ते इतकं रडलं की रानातल्या पुरुषांनी औतं सोडली. मैनानं डोळे किलकिले केले आणि कुरकुरली, "आत्याबाय, गार लागतंय. भिंत कुनी उघडी टाकली?"

सगळ्या बाया हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. चांगुणा मात्र ठकूकडं वळली.

"तूच म्हनलीस पाव्हना. वारा पाव्हना हाय म्हनलीस. मी पाव्हन्याला मना केलं. निखाऱ्याचं इख कोंडतं, ह्ये बोलली असतीस तर म्या हात लावला असता का त्या भोकाला?"

ठकू आपल्या रक्ताळलेल्या हातांकडं बघत बसली होती. तशीच म्हणाली, "माजंबी घर असंच हुतं, खिंडीपल्याड. पैल्या बाळंतपनात मीच लिंपलं, नवव्या म्हैन्यात. केसाएवडी फट ठिवली न्हाई. समद्या गावानं वाखाणलं. आत शेगडी हुती. सकाळी मला मानसांनी भायेर काढलं. मी उठले. कुशीतला ल्योक न्हाई उठला."

चांगुणा ठकूच्या शेजारी मातीत बसली. सुवेराचा विटाळ, शिवाशिव, सगळं विसरून तिनं ठकूचे हात आपल्या पदरात घेतले आणि पुसू लागली.

"आदी सांगायचं की गं बाई," ती शेवटी म्हणाली.

"तोंड उघडत न्हवतं. पाव्हणा म्हनलं की लोकास्नी पटायचं. म्हनलं, असू दे."

हात बरे व्हायला शिमगा उजाडला. तोवर ठकूनं लिंपणाला हात लावला नाही, पण ती घरी बसली नाही. रोज एकेका उंबऱ्यावर जाऊन बसे आणि तिथल्या बायांना ते भोक दाखवून सांगे, कशासाठी आहे ते. स्वतःच्या बाळासकट सांगे. पहिल्या घरी तिला अर्धा दिवस लागला. शेवटच्या घरी ती पाणी प्यायला थांबूनसुद्धा दुपारच्या आत मोकळी झाली.

पुढं ती म्हातारी झाली. तिला मरताना कोणी पाहिलं नाही. एका कार्तिकात चिखलाच्या सात पाट्या डोक्यावर एकावर एक ठेवून ती खिंडीकडं निघाली. घरं किती लिंपायची, आता खिंडच लिंपून टाकते म्हणाली, असं म्हणतात. तिनं अर्ध्याच्या वर काम उरकलं असावं, कारण वारखिंडीत पहिल्याइतकी थंडी आता पडत नाही. वरच्या अंगाला मात्र तिनं जागा सोडली आहे, आणि पौषात तिथून शीळ घातल्यासारखा आवाज येतो.

आज वारखिंडीत सिमेंटची घरं आहेत. तरी नवं घर बांधलं की छताखाली मुठीएवढं भोक ठेवतात. त्याला 'ठकू' म्हणतात. गवंडी परगावचा असला आणि त्यानं ते राहू दिलं नाही, तर घरधनीण स्वतः पहार घेऊन चढते. कुंकू लावणं, पोळी ठेवणं बंद झालं आहे. त्याऐवजी नवी सून पहिल्या हिवाळ्याला घरात आली की सासू तिला भोकाखाली उभी करते आणि सांगते, "शेगडी आत असली की निखाऱ्याचं विष खोलीत साठतं. त्याला वास नाही. माणूस झोपेत मरतं. म्हणून हे उघडं ठेवायचं. एक बाळ असंच गेलं." एवढंच सांगते. सुनेनं ते तोंडानं परत म्हणून दाखवायचं असतं.

राहता राहिलं माझं. पाटलाची मिशी मी मोडली, हे कबूल. कोंबडे नेहमीसारखेच आरवत होते. वारा ठकूसाठी थांबला नव्हता, तो त्या दिवशी पहिल्यापासूनच पडलेला होता. भिंत तिनं फोडली ती नुसत्या हातांनी, आणि सात पाट्या नव्हत्या, एक होती. पण ते भोक कशासाठी, हे सासूच्या तोंडून आलं तसंच इथं लिहिलं आहे. त्यात मीठमसाला घालायला वारखिंडीत कोणालाच परवानगी नाही, मला तर मुळीच नाही.