एकच कौलारू घर

तानीबाईचं गवती छप्पर चुलीच्या ठिणगीनं जळालं, तेव्हाच तिनं ठरवलं, आता घरावर कौलंच चढवायची. माहेरच्या कुंभारांकडून तिनं नळीची कौलं भाजून आणली आणि वाशांवर रिपा ठोकून घेतल्या. पण वाडीत कुणाच्या घरावर कौलं होती, तर फक्त विसाजी खोतांच्या. तीही मंगलोरी, आणि माजघरात उजेड पडावा म्हणून मधूनमधून काचेची. एका विधवेनं आपली बरोबरी करावी, हे खोतांना खपेना.

त्यांनी तिला देवळात बोलावलं. सारी वाडी जमली.

"देवीनं मला कौल दिलाय," खोत म्हणाले. "वाडीत एकच घर कौलारू राहील. दुसरं झालं तर तिचा कोप होईल."

तानीबाईनं पदर खोचला.

"अप्पा, एकच म्हणाली देवी? नक्की?"

"एकच!"

"मग आपण बसलोय ते घर कुणाचं?" तिनं आढ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना वर गेल्या. वर कौलंच होती.

"देवीचं," गुरव म्हणाला.

"म्हणजे दोन झाली की! एकाची कौलं उतरवायलाच हवीत. बोला अप्पा, देवीची उतरवायची, की तुमची?"

खोतांना घाम फुटला. "माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल," ते पुटपुटले.

"होतं असं कधीकधी," तानीबाई म्हणाली, आणि घरी जाऊन तिनं शिडी लावली.