गाळताना गरम होतं का

"…मग अडलंय कुठं, एवढं तरी सांगाल का?"

ओजसने प्रबंध टेबलावर आपटला. तीन आठवडे त्याचे मार्गदर्शक टिळेकर सर सही करत नव्हते, आणि शुक्रवारपर्यंत तो सादर झाला नाही तर जर्मनीतली संशोधनाची जागा हातची जाणार होती.

सर पाचव्या प्रकरणावर बोट ठेवून बसले होते. तिथे लिहिलं होतं: सिलिकाच्या भुकटीवर बसवलेलं तांबं अल्काइन या सेंद्रिय संयुगाचे रेणू दोन-दोन जोडून देतं आणि स्वतः भुकटीवरून सुटत नाही.

"हे कशावरून?"

"भुकटी गाळून काढली. खालच्या द्रवात तांबं नाही. चार वेळा तपासलंय."

"गाळताना गरम होतं का?"

"गार करून गाळलं. भाजून कोण घेणार?"

"चल. आता गरम असताना गाळ."

ओजसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला आपलं भलं बघवत नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. तरी तो प्रयोगशाळेत गेला आणि तोच प्रयोग पुन्हा मांडला. अभिक्रिया निम्मी झाल्यावर त्याने फ्लास्क उचलला आणि बोटं पोळत असताना गरम द्रावण तापवलेल्या गाळणीतून ओतलं. भुकटी वर राहिली. खालच्या निवळ द्रवाचा एक थेंब त्याने तपासणीच्या प्लेटवर लावून पाहिला आणि उरलेला पुन्हा तापत ठेवला.

"आता यात काही घडायचं नाही," तो म्हणाला.

सरांनी घड्याळात पाहिलं.

तासाभराने त्याने त्यातला थेंब प्लेटवर लावून दिव्याखाली पाहिला. जोडलेल्या रेणूंचा ठिपका मघापेक्षा मोठा झाला होता. भुकटी नसताना.

म्हणजे तांबं उष्णतेत सुटत होतं, काम उरकत होतं आणि गार होताना मुकाट भुकटीवर परतत होतं. चारही वेळा.

"तुम्हाला हे माहीत होतं." ओजस सरांकडे वळला.

"संशय होता."

"मग बोलायचं होतंत."

"बोललो असतो, तर तू आणखी दोन संदर्भ जोडून आणले असतेस."

ओजसने पेन ओढलं. 'सुटत नाही'वर अशी रेघ मारली की कागद फाटला. खाली, जे दिसलं ते खरडलं आणि प्रबंध सरांकडे ढकलला.

"घ्या. झालं समाधान?"

सरांनी तेच पेन उचलून सही केली.

"आता? पाचवं प्रकरण मातीत गेल्यावर? काल सगळं बरोबर होतं, तेव्हा का नाही केलीत?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"काल ते नुसतं बरोबर होतं. आज ते खरं आहे."