आमेनच्या आधी

“सून कामाची आहे हो, विश्वासाची नाही,” शमुवेलकाका सासूबाईंना दबक्या आवाजात सांगत होते. “आणि तारण विश्वासाने होतं, कामाने नव्हे. रविवारी चर्चमध्ये तिला प्रभुभोजनाची भाकर देऊ नका, असं पाळकांना सांगतो.” मी दाराआडच होते.

काका म्हणजे माझे चुलत सासरे, चर्चच्या मंडळीतले पंच. रोज संध्याकाळी आमच्याकडे तेच प्रार्थना चालवतात. त्यांची प्रार्थना आदामापासून निघते आणि आमच्या गल्लीत पोचायला अर्धा तास घेते. तेवढ्यात आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या रूथआत्या कण्हू लागतात. मग मी प्रार्थनेतून उठते. लग्नाला दोन महिने झाले, तेव्हापासून माझा गुन्हा एवढाच.

त्या संध्याकाळीही काका डोळे मिटून म्हणाले, “प्रभू, तुझी दासी रूथ वेदनेत आहे. तिच्याकडे कोणाला तरी पाठव.” आत आत्या कण्हल्या. मी उठले. त्यांची कूस बदलली, पाठीला पावडर लावली, चमच्याने पाणी पाजलं.

“आलीस होय गं?” म्हणत त्यांनी माझं बोट धरून ठेवलं, ते सोडवायला मला जरा वेळ लागला.

बाहेर आले तर आमेन होऊन गेलं होतं आणि सगळे माझ्याकडेच बघत होते.

“सूनबाई, देवापेक्षा काम मोठं का?” काकांनी विचारलं. सासूबाईंनी मान खाली घातली.

“नाही काका,” मी म्हटलं, “कोणाला तरी पाठव, असं तुम्ही मागितलंत. तुमची प्रार्थना देवाने तिथल्या तिथे ऐकली, असा माझा विश्वास बसला. मग आमेनपर्यंत कशी थांबू?”