घरात कोणी नाही

एका गावात सगळेच शहाणे होते, आणि एक भोळा गेनू होता. गावात सरपंच म्हणून सुलोचनाबाई निवडून आल्या होत्या, म्हणून गाव त्यांच्या नवऱ्याला, दाजीबाला, सरपंच म्हणायचं. शहाण्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं.

गेनूच्या आईनं, ठकूबाईनं, ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या हातापाया पडून लेकाला पंचायतीत शिपाई म्हणून चिकटवलं. महिला ग्रामसभा नीट पार पडली तर नोकरी कायम, नाहीतर घरी बस, असं भाऊसाहेबांनी बजावलं. पहिल्याच दिवशी त्यांनी गेनूला निरोप देऊन सरपंचांच्या घरी धाडलं. घरात कोणी आहे का, असं गेनूनं अंगणातून विचारलं. सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. शेजारी सासू आणि दोन मुली बसल्या होत्या.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही?"

"आम्ही आहोत की. पण घरात कोणी नाही."

गेनूनं परत येऊन सांगितलं, की चौघीजणी बसल्यात, पण कोणी नाही. भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. नुसत्या बायका असल्या की कोणी नाही असंच म्हणतात, हेही तुला शिकवायचं का, म्हणाले. गेनूनं उपरण्याला गाठ मारली.

घरात कोणी नसलं की कुलूप लावावं, हे आईनं त्याला लहानपणीच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना त्यानं घरात डोकावून पाहिलं. आई भाकऱ्या थापत होती. म्हणजे कोणी नव्हतं. त्यानं कुलूप लावलं. ठकूबाई दिवसभर खिडकीतून आळीला लेकाचे गुण ऐकवत राहिली. संध्याकाळी तिनं त्याला लाटण्यानं झोडपलं आणि सांगितलं, की मेल्या, कुलूप लावण्याआधी आई आत नाही ना, एवढं तरी बघत जा. गेनूनं दुसरी गाठ मारली.

मग मारुतीच्या देवळात भंडारा झाला. पुरुषांच्या पंगती उठल्या. जेवायचं कोणी राहिलंय का, असं आचाऱ्यानं विचारलं. भिंतीकडेला गावातल्या साऱ्या बायका ताटकळत उभ्या होत्या. गेनू म्हणाला, कोणी नाही, आणि उरलेला भात त्यानं गुरांपुढे ओतला. बायका उपाशीपोटी घरी गेल्या आणि रात्रीच्या स्वयंपाकाला लागल्या. भाऊसाहेब संतापले. आपल्या मनानं सांगू नकोस, आधी त्यांना विचारत जा, म्हणाले. गेनूनं तिसरी गाठ मारली.

महिला ग्रामसभेचा दिवस उजाडला. पंचायतीची खोली बायकांनी गच्च भरली. भाऊसाहेब आणि दाजीबा हार घेऊन फाट्यावर उभे होते, आणि तालुक्याचे साहेब भलत्याच रस्त्यानं येऊन दारात थडकले. सभेला कोणी आलंय का, त्यांनी जीपमधूनच विचारलं.

गेनूनं तिसरी गाठ चाचपली आणि आत जाऊन बायकांना विचारलं.

"अजून कोणी आलं नाही," बायका एका सुरात म्हणाल्या.

गेनूनं साहेबांना तसंच सांगितलं. जीप परत गेली. कोणी नाही म्हटल्यावर कुलूप लावणं आलंच. पण आता गेनू शिकलेला होता. त्यानं एकेक तोंड निरखून पाहिलं. ठकूबाई त्यात नव्हती. त्यानं कुलूप ठोकलं.

दिवेलागणीला गावातले पुरुष घरी आले. चुली थंड होत्या. घरात कोणी आहे का, असं ज्यानं त्यानं विचारलं, आणि कोणी नाही असं सांगायलाही कोणी नव्हतं. सगळे पंचायतीकडे धावले. आतून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दाजीबा गेनूच्या अंगावर धावून गेला आणि याला आत्ताच्या आत्ता कामावरून काढा, असं भाऊसाहेबांना म्हणाला. भाऊसाहेब चाचरले. त्याला सरपंचांची सही लागते, म्हणाले.

दाजीबानं दार ठोठावलं. "आत कोणी आहे का?"

हसणं थांबलं. मग सुलोचनाबाईंचा आवाज आला.

"कोणी नाही."

गेनूनं मान डोलावली, किल्ली उपरण्याच्या टोकाला बांधली आणि नोकरी टिकल्याचं आईला सांगायला तो घराकडे निघाला.